सात मिलिमीटर माउझर काडतूस : तिरस्कारापासून स्वीकारापर्यंत

१. विषयाची मांडणी

शस्त्रांचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. अमुक वर्षी अमुक बंदूक निर्माण झाली, तिने अमुक युद्धाचा निकाल फिरविला, असे त्या लेखनाचे स्वरूप असते. परंतु शस्त्र निर्माण होणे ही एक घटना आहे, आणि ते वापरणाऱ्यांच्या विश्वासास पात्र ठरणे ही दुसरी. या दोहोंमध्ये पुष्कळदा बरीच वर्षे लोटतात. त्या मधल्या काळात शस्त्रात फारसा फरक पडलेला नसतो. फरक पडतो तो त्याविषयीच्या मतात. हे मत कसे बनते आणि कसे पालटते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने उपेक्षावा असा खचित नाही.

'काडतूस' हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला, परंतु मराठी मनात तो रुजला तो १८५७ च्या उठावाच्या आठवणीने. एन्फील्ड रायफलीच्या काडतुसांना गाईची व डुकराची चरबी लावली आहे, या वार्तेने शिपायांच्या छावण्यांत जो क्षोभ उसळला त्याचे पडसाद विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या ग्रंथातही उमटले आहेत. त्या तिरस्काराचे कारण काडतुसाच्या मारक शक्तीत नव्हते. ते काडतूस कोणाकडून आले आणि त्याला काय लावले आहे, या समजुतीत होते. काडतुसाविषयीचे मत केवळ काडतुसावरून ठरत नाही, याचे याहून ठळक उदाहरण भारताच्या इतिहासात सापडणे कठीण.

येथे विचारासाठी घेतलेले उदाहरण मात्र निराळे आहे. १८९० नंतरच्या दशकात जर्मनीत निर्माण झालेले सात मिलिमीटर व्यासाचे माउझर काडतूस ब्रिटिश शिकाऱ्यांच्या जुन्या पिढीला प्रथम क्षुद्र वाटले, ब्रिटिश सैनिकांना ते शत्रूचे म्हणून नकोसे झाले, आणि पुढे अवघ्या काही वर्षांत तेच काडतूस इंग्रजी नाव धारण करून ब्रिटिश शिकाऱ्यांच्या विशेष प्रीतीचे ठरले. या स्थित्यंतराची कारणे शोधणे व त्याच्या मर्यादा दाखविणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

२. मोठ्या व्यासाची परंपरा

एकोणिसाव्या शतकातील शिकाऱ्याचा बंदुकीविषयीचा सर्व विचार काळ्या दारूने बांधलेला होता. गंधक, कोळसा आणि सोरा यांपासून बनणाऱ्या या दारूने गोळीला एका विशिष्ट मर्यादेपलीकडे वेग देता येत नसे. वेग वाढविणे हाती नसल्यामुळे मारा वाढवावयाचा तर गोळीचे वजन व व्यास वाढविणे हाच मार्ग उरे. यामुळेच हत्ती, गवा, गेंडा यांच्या शिकारीसाठी आठ बोअर व चार बोअर अशा अजस्र बंदुका प्रचारात आल्या. चार बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या चार सारख्या गोळ्या केल्या असता त्यांपैकी एक जीत बसेल एवढ्या व्यासाची नळी. अशा एका गोळीचे वजन सुमारे ११३ ग्रॅम भरे. सिलोन, अॅबिसिनिया व नाईल नदीचे खोरे येथे शिकार केलेल्या सर सॅम्युअल बेकर यांच्यापाशी तर अर्धा पौंड वजनाचा स्फोटक गोळा फेकणारी एक बंदूक होती आणि तिला ते विनोदाने 'बेबी' म्हणत. तिचा धक्का त्यांच्यासारख्या धिप्पाड पुरुषासही जड जाई.

या परंपरेत वाढलेल्या शिकाऱ्याच्या मनात एक समीकरण पक्के झाले होते : मोठे भोक म्हणजे मोठी जखम, आणि मोठी जखम म्हणजे खात्रीचा मृत्यू. हे समीकरण अज्ञानाचे नव्हते. काळ्या दारूच्या युगात ते अनुभवाने सिद्ध झाले होते. ज्यांनी त्याकडे दुर्लक्ष केले त्यांपैकी कित्येकांना जायबंदी श्वापदाच्या तडाख्यात प्राण गमवावे लागले होते. तेव्हा पुढे लहान व्यासाच्या काडतुसाला जो विरोध झाला त्याला केवळ हटवादीपणा म्हणून मोडीत काढणे न्यायाचे होणार नाही.

१८८६ मध्ये फ्रान्सने निर्धूम दारूवर चालणारी लेबेल रायफल स्वीकारली आणि या समीकरणाचा पायाच हालला. नव्या दारूने गोळीला पूर्वी अशक्य असलेला वेग मिळू लागला, धूर जवळजवळ नाहीसा झाला आणि नळीत साचणारा मळ कमी झाला. वेग वाढला की लहान गोळीतही पुष्कळ ऊर्जा साठविता येते, कारण गतिज ऊर्जा वजनाच्या सरळ प्रमाणात परंतु वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शिशाची उघडी गोळी एवढा वेग सोसू शकत नसल्याने तिला कठीण धातूचे कवच चढविण्यात आले. यानंतर काही वर्षांतच युरोपातील बहुतेक सैन्यांनी आठ मिलिमीटर किंवा त्याहून कमी व्यासाच्या रायफली स्वीकारल्या.

३. नवे काडतूस आणि त्याविषयीचे आक्षेप

पॉल माउझर यांनी १८९२ च्या सुमारास सिद्ध केलेले काडतूस स्पेनने १८९३ मध्ये आपल्या सैन्यासाठी घेतले. त्याची पुंगळी ५७ मिलिमीटर लांब असल्याने ते '७ × ५७' या नावाने ओळखले जाते. मूळची गोळी लांबट, बोथट टोकाची, संपूर्ण धातुकवचाची असून तिचे वजन १७३ ग्रेन, म्हणजे सुमारे ११.२ ग्रॅम, व वेग सेकंदास सुमारे ७०० मीटर होता. पुंगळीच्या बुडाशी बाहेर आलेली कड नसल्याने पाच काडतुसे एका पट्टीवरून एका दाबासरशी पेटीत उतरविता येत.

जुन्या शिकाऱ्याने हे काडतूस हाती घेतले तेव्हा त्याला काय वाटले असेल याची कल्पना आकड्यांवरून येते. चार बोअरच्या गोळीच्या एकदशांश वजनाची ही गोळी! १८९८ मध्ये लंडनच्या रिग्बी कंपनीने निर्धूम दारूवर चालणारे .४५० व्यासाचे जड काडतूस बाजारात आणले, त्याची गोळी ४८० ग्रेन, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम वजनाची होती, आणि तिची ऊर्जा माउझर गोळीच्या दुपटीहून अधिक भरत असे. जुन्या परंपरेचा वारसा या नव्या जड काडतुसांनी चालविला. त्यांच्या शेजारी सात मिलिमीटरची गोळी पेन्सिलीच्या तुकड्यासारखी दिसत असल्यास नवल नाही.

परंतु आक्षेप केवळ दिसण्याचा नव्हता. लहान व्यासाची, संपूर्ण कवच असलेली गोळी शरीरातून आरपार निघून जाते आणि मागे अरुंद मार्ग तेवढा ठेवते, असा अनुभव सैन्यातच येत होता. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेत ब्रिटिशांच्या .३०३ रायफलीविषयी हीच तक्रार झाली. गोळी लागूनही चालून येणारा माणूस थांबत नाही, असे सैनिक म्हणू लागले. तिच्यावर उपाय म्हणून कलकत्त्याजवळच्या डमडम येथील कारखान्यात टोकाशी शिसे उघडे ठेवलेली गोळी तयार करण्यात आली. ती शरीरात शिरताच पसरे व भीषण जखम करी. १८९९ च्या हेग परिषदेने अशा पसरणाऱ्या गोळ्यांना युद्धात मनाई करणारी घोषणा केली. ब्रिटनने ती १९०७ मध्ये मान्य केली.

दक्षिण आफ्रिकेच्या युद्धातही याच प्रकारचा पुरावा मिळाला. तेथे काम केलेले शल्यविशारद जॉर्ज मेकिन्स यांनी १९०१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लहान व्यासाच्या गोळ्यांच्या जखमांचे तपशीलवार वर्णन आहे. हाड किंवा मर्मस्थान सापडले नाही, तर अशा जखमा लहान असत व अनेकदा लवकर भरून येत. सैनिकाच्या दृष्टीने हे सुदैव होते. शिकाऱ्याच्या दृष्टीने तोच दोष होता. जी जखम माणसाला वाचविते तीच जखम घेऊन सांबर जंगलात दूरवर जाऊन कुजत मरते, आणि वाघ अपंग होऊन जगतो. म्हणजे जुन्या शिकाऱ्याच्या नापसंतीच्या मुळाशी एक नैतिक भानही होते. सावज मारावयाचे तर ते तात्काळ मरावे, हा शिकारीच्या आचारधर्मातील पहिला नियम आणि नवे काडतूस तो नियम पाळू शकेल याची खात्री त्याला पटली नव्हती.

४. शत्रूचे काडतूस

या तांत्रिक अविश्वासात लवकरच राजकीय कटुतेची भर पडली. १ जुलै १८९८ रोजी क्यूबातील सँटियागो शहरालगत एल कॅने व सान हुआन टेकडी येथे अमेरिकन सैन्याची गाठ स्पॅनिश माउझरशी पडली. एल कॅने येथे सुमारे पाचशे स्पॅनिश सैनिकांनी कित्येक पट मोठ्या अमेरिकन दळाला दिवसाचा बराच भाग रोखून धरले. अमेरिकन स्वयंसेवक पलटणींपाशी अजून काळ्या दारूच्या जुन्या रायफली होत्या. त्यांच्या धुरामुळे त्यांची जागा शत्रूला आयती कळत असे. निर्धूम माउझर कोठून झडत आहे, हे मात्र त्यांना कळत नव्हते. या अनुभवाचा परिणाम असा की, अमेरिकेने पकडलेल्या माउझर रायफलींचा कसून अभ्यास केला, १९०३ ची स्प्रिंगफील्ड रायफल त्या धर्तीवर घडविली, आणि पुढे माउझर कंपनीस स्वामित्वशुल्कापोटी दोन लक्ष डॉलर दिले. पराभवाच्या भीतीतून आलेला हा आदर होता.

ब्रिटिशांचा अनुभव याहून कडू ठरला. १८९५ च्या अखेरीस जेमसनने ट्रान्सवालवर केलेल्या फसलेल्या स्वारीनंतर तेथील बोअर सरकारने तीस हजारांहून अधिक माउझर रायफली खरेदी केल्या. ऑक्टोबर १८९९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा बोअर शेतकऱ्याच्या हाती हे सात मिलिमीटरचे काडतूस होते. बोअर हा लहानपणापासून हरणांची शिकार करीत वाढलेला मनुष्य. उघड्या माळावर अंतराचा अदमास घेणे आणि एका गोळीत काम उरकणे हे त्याच्या अंगवळणी पडलेले होते. डिसेंबर १८९९ मधील एकाच आठवड्यात स्टॉर्मबर्ग, मॅगर्सफाँटीन आणि कोलेन्सो येथे ब्रिटिशांचे तीन पराभव झाले. इंग्लंडमध्ये त्या आठवड्याला 'काळा आठवडा' हे नाव पडले. मॅगर्सफाँटीन येथे टेकडीच्या पायथ्याशी खणलेल्या चरांतून बोअरांनी केलेल्या माऱ्यापुढे हायलँड ब्रिगेड कोलमडली आणि तिचा सेनापती वॉकोप ठार झाला. कोलेन्सो व स्पियाँ कोप येथे जखमींना वाहून नेणाऱ्यांत मोहनदास करमचंद गांधी यांनी उभारलेले नाताळमधील सुमारे अकराशे हिंदी लोकांचे शुश्रूषापथक होते, हे येथे स्मरणीय आहे.

अशा परिस्थितीत 'माउझर' हा शब्द इंग्रजी कानाला सुखद वाटणे शक्य नव्हते. तथापि युद्ध संपताच ब्रिटिश युद्धखात्याने सात मिलिमीटरच्या आसपासच्या व्यासाचे, अधिक वेगाचे नवे काडतूस शोधण्यास आरंभ केला. त्यातून १९१३ च्या नमुन्याची .२७६ एन्फील्ड रायफल चाचणीपर्यंत पोचली, आणि पहिले महायुद्ध सुरू झाल्यामुळे तो बेत बाजूस पडला. ज्या काडतुसाचा राग करावयाचा त्याचेच अनुकरणही करावयाचे, अशी ही द्विधा अवस्था होती.

५. नामांतर आणि गोळीतील पालट

येथे एक प्रचलित समजूत तपासून घेणे अगत्याचे आहे. बोअर युद्धात मार खाल्ल्यावर ब्रिटिशांना माउझरची महती पटली व ते त्याच्या मागे लागले, अशी कथा सांगितली जाते. ती सर्वस्वी खरी नाही. रिग्बी कंपनीने माउझर कारखान्याशी व्यापारी संबंध जोडला तो युद्धापूर्वी, १८९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस. म्हणजे युद्धाच्या वणव्यातही या काडतुसाचे काही इंग्रज चाहते होतेच. युद्धाने त्यांची संख्या वाढविली असेल. परंतु त्यांची निर्मिती केवळ युद्धाने केली नाही.

या कंपनीचे प्रमुख जॉन रिग्बी १८८७ ते १८९४ या काळात एन्फील्ड येथील सरकारी शस्त्रकारखान्याचे अधीक्षक होते. ब्रिटिश सैन्याची .३०३ रायफल याच काळात सिद्ध झाली. स्वदेशी सैनिकी रायफलीच्या जडणघडणीत भाग घेतलेल्या मनुष्यानेच पुढे जर्मन रायफलीला इंग्लंडमध्ये प्रतिष्ठा मिळवून दिली. लहान व्यासाच्या गुणदोषांची जाण त्यांना इतर बंदूकवाल्यांपेक्षा आधी व अधिक झाली होती, असे अनुमान यावरून करता येते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, १९०७ च्या सुमारास, हे काडतूस '.२७५ रिग्बी' या नावाने रूढ झाले. नळीच्या आतील पेचदार खाचांमधल्या उंचवट्यांवरून व्यास मोजला असता तो सुमारे .२७६ इंच, म्हणजे सात मिलिमीटर भरतो. त्यावरून हे इंग्रजी माप आले. पुंगळी तीच, व्यास तोच. परंतु मिलिमीटर जाऊन इंच आले आणि माउझरच्या जागी एका जुन्या ब्रिटिश घराण्याचे नाव आले. नामांतराचे महत्त्व वाढवून सांगू नये हे खरे. तरी स्कॉटलंडच्या डोंगरांत हरणामागे जाणाऱ्या इंग्रज गृहस्थाला.२७५ रिग्बी हातात धरताना मॅगर्सफाँटीनची आठवण होण्याचे कारण उरले नाही, हेही खरे.

नावापेक्षा अधिक महत्त्वाचा पालट गोळीत झाला. रिग्बीने १४० ग्रेन वजनाची, अणकुचीदार व अधिक वेगाची गोळी प्रचारात आणली. तिचा मार्ग सपाट असल्याने दूरच्या हरणावर नेम धरताना अंतराची चूक पूर्वीइतकी भोवत नसे. शिवाय शिकारीसाठी टोकाशी शिसे उघडे असलेल्या गोळ्या उपलब्ध झाल्या. हेगच्या घोषणेने युद्धात वर्ज्य ठरविलेले तत्त्व शिकारीत मात्र ग्राह्य मानले गेले, आणि ते सावजाविषयीच्या दयेच्या पोटीच. माणसाला जायबंदी करून थांबविणे युद्धात पुरते; जनावराला जायबंदी करून सोडणे शिकारीत अक्षम्य. अशा रीतीने जुन्या शिकाऱ्याच्या मुख्य आक्षेपाला, निदान हरणवर्गीय सावजापुरते, उत्तर मिळाले.

भारतात याच सुमारास कायद्याचीही एक कलाटणी आली. बंडखोरांपाशी असलेल्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना उपयोगी पडेल या भीतीने सरकारने १९०७ च्या सुमारास .४५० व्यासाच्या रायफली व काडतुसे आणण्यास बंदी केली. बंदूकवाल्यांनी .४६५ व .४७० अशी नवी मापे काढून तिला वळसा घातला. सैन्याचे .३०३ काडतूसही सामान्य परवानाधारकाला वर्ज्य होते. सात मिलिमीटरचे काडतूस भारतातील सैन्याचे नव्हते. त्यामुळे ते या दोन्ही निर्बंधांतून सुटले. १८५७ ने निर्माण केलेले सरकारचे काडतुसांविषयीचे भय येथे एका परकीय काडतुसाच्या पथ्यावर पडले.

६. बेल : शरीररचनेचे ज्ञान

लहान व्यासाच्या बाजूचा सर्वांत प्रभावी पुरावा आफ्रिकेतून आला. वॉल्टर डॅलरिंपल मेटलंड बेल (१८८०–१९५४) या स्कॉटिश हस्तिदंत-शिकाऱ्याने युगांडाच्या ईशान्येकडील करामोजो प्रदेशात व अन्यत्र मिळून एक हजारावर हत्ती मारले, आणि त्यांपैकी सुमारे आठशे सात मिलिमीटरच्या काडतुसाने मारले. ही संख्या आज वाचताना विषाद वाटल्यावाचून राहत नाही. हस्तिदंताच्या व्यापाराने आफ्रिकेचे केवढे नुकसान केले याचीच ती साक्ष आहे. तथापि प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने बेलच्या पद्धतीकडे पाहणे अवश्य आहे.

बेलने मृत हत्तींच्या कवट्या चिरून मेंदूचे नेमके स्थान अभ्यासले होते. निरनिराळ्या कोनांतून मेंदूकडे जाणारी रेषा कोणती, हे त्याने मनाशी पक्के केले. त्याला पसरणारी गोळी नको होती. त्याला हवी होती ती हाडातून वाकडी न होता सरळ जाणारी, मूळचीच बोथट, लांबट, संपूर्ण कवचाची गोळी. व्यासाच्या मानाने वजन अधिक असल्यामुळे ती खोल जाई. ज्या गुणाला चित्रळमध्ये व दक्षिण आफ्रिकेत दोष मानले गेले, तोच गुण हत्तीच्या कवटीपुढे निर्णायक ठरला. शिवाय धक्का अल्प असल्याने नेम ढळत नसे व दुसरा बार चटकन काढता येई. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात बेलने या पद्धतीचे विवेचन केले आणि मोठ्या व्यासाच्या पुरस्कर्त्यांशी चाललेल्या वादास नवी धार आली.

येथे सावधगिरीची गरज आहे. बेलचे यश काडतुसाचे नव्हते, बेलचे होते. त्याचा हात, त्याचा धीर आणि त्याचे शरीररचनेचे ज्ञान वजा केले तर उरलेले काडतूस हत्तीपुढे अपुरेच होते. पुढे पूर्व आफ्रिकेतील काही प्रदेशांत मोठ्या व धोकादायक श्वापदांसाठी किमान .३७५ व्यासाचा दंडक घालण्यात आला तो याच जाणिवेने. जुन्या शिकाऱ्याचे म्हणणे अशा रीतीने कायद्यात टिकून राहिले.

७. कॉर्बेट : जायबंदी श्वापदाची साक्ष

भारतात या काडतुसाचे नाव जिम कॉर्बेट यांच्याशी जोडले गेले आहे. १९०७ मध्ये त्यांनी कुमाऊँतील चंपावत येथील नरभक्षक वाघीण मारली. तिने ४३६ माणसांचे बळी घेतले होते असे सांगितले जाते. त्या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी त्यांना एक .२७५ रिग्बी रायफल भेट दिली. तिच्या दस्त्यावरील रुपेरी पट्टीवर तसा उल्लेख कोरलेला आहे. योगायोग असा की, चंपावतच्या वाघिणीवर कॉर्बेटनी झाडलेल्या गोळ्या .५०० व्यासाच्या जड रायफलीच्या होत्या. मोठ्या काडतुसाच्या पराक्रमाचे पारितोषिक म्हणून लहान काडतूस मिळाले!

त्या वाघिणीच्या जबड्याची तपासणी केली तेव्हा उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे मोडलेले आढळले, आणि ते पूर्वी कोणीतरी झाडलेल्या गोळीने मोडले होते. याच दुखापतीमुळे ती नैसर्गिक भक्ष्य मारण्यास असमर्थ होऊन मनुष्याकडे वळली, असा कॉर्बेट यांचा निष्कर्ष होता. काडतूस मोठे की लहान या वादामागे काय पणाला लागले होते हे येथे उघड दिसते. एका अज्ञात शिकाऱ्याचा एक चुकलेला बार आणि त्याचा माग काढण्यात झालेली हयगय, यांचे मोल डोंगरातील गवत कापणाऱ्या स्त्रियांनी आपल्या प्राणांनी चुकविले. ती गोळी कोणत्या व्यासाची होती हे इतिहासाला ठाऊक नाही. आणि त्याने फारसा फरकही पडत नाही.

पुढील काळात कॉर्बेट यांनी हलकी .२७५ रायफल अनेक बिकट प्रसंगी वापरली. १२५ माणसांचा बळी घेणारा रुद्रप्रयागचा बिबट्या त्यांनी मे १९२६ मध्ये गुलाबराय येथे रात्रीच्या अंधारात याच रायफलीने टिपला. एप्रिल १९३० मध्ये चौगढच्या वाघिणीशी झालेली गाठ अधिकच बोलकी आहे. डाव्या हातात पक्ष्याची अंडी, उजव्या हातात रायफल, आणि अवघ्या काही फुटांवर दबून बसलेली वाघीण! कॉर्बेट यांनी एकाच हाताने रायफल अत्यंत सावकाश वळवून बार काढला. या प्रसंगी वाचण्याची जी कारणे त्यांनी पुढे नमूद केली त्यांत रायफलीचा हलकेपणा हे एक होते. जड दुनळी रायफल असती तर ती एका हाताने तशी फिरविणे शक्य झाले नसते. तथापि जड रायफलीही त्यांनी टाकून दिल्या नव्हत्या. प्रसंग पाहून ते निवड करीत. म्हणजे लहान काडतुसाचा स्वीकार हा मोठ्या काडतुसाचा त्याग नव्हता.

कॉर्बेट यांचे 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' हे पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने १९४४ मध्ये मुंबईहून प्रसिद्ध केले आणि त्याच्या प्रसाराबरोबर .२७५ हा आकडा जगभरच्या वाचकांच्या परिचयाचा झाला. कॉर्बेट भारत सोडून केनियात गेल्यानंतर ही रायफल त्याच प्रकाशनसंस्थेच्या ताब्यात राहिली. २०१५ मध्ये रिग्बी कंपनीने ती विकत घेतली आणि त्यानंतर ती भारतातही आणून दाखविण्यात आली.

८. समारोप

येथवर केलेल्या विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. या काडतुसाविषयीच्या नापसंतीची मुळे तीन होती : व्यासावरून शक्ती मोजण्याची काळ्या दारूच्या युगातील सवय, कवचबंद गोळीने केलेल्या अपुऱ्या जखमांचा प्रत्यक्ष अनुभव, आणि शत्रूच्या हातून खाल्लेला मार. यांपैकी पहिले मूळ निर्धूम दारूच्या वापराने हळूहळू सैल झाले. दुसऱ्याला गोळीच्या नव्या घडणीने व शरीररचनेच्या ज्ञानाने उत्तर दिले. तिसरे काळाने व नामांतराने पुसट केले. या सर्व काळात ५७ मिलिमीटरची पुंगळी मात्र होती तशीच राहिली. पुढे १९३४ मध्ये निघालेले .२५७ रॉबर्ट्स यांसारखी अमेरिकन काडतुसे याच पुंगळीपासून घडविण्यात आली, आणि मूळ काडतूसही आजतागायत तयार होते.

जुन्या शिकाऱ्यांचा पक्ष चुकीचा ठरला, असे मात्र या इतिहासावरून म्हणता येत नाही. जायबंदी श्वापदाची त्यांना वाटणारी भीती खरी होती. चंपावतच्या वाघिणीचा जबडा तिची साक्ष देतो. त्यांची चूक एवढीच की, त्या भीतीवरचा उपाय त्यांनी केवळ व्यासात शोधला. बेल व कॉर्बेट यांनी तो नेमात, धीरात आणि सावजाच्या ज्ञानात शोधला. म्हणूनच लहान काडतूस त्यांच्या हाती विश्वासाचे ठरले. ज्यांच्यापाशी हे गुण नव्हते त्यांच्या हाती ते पूर्वीइतकेच धोक्याचे राहिले असले पाहिजे.

भारतापुरता हा वाद १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपुष्टात आला. शिकारीचा खेळ थांबला आणि मोठ्या-लहान व्यासाची चर्चा जुन्या ग्रंथांच्या पानांत राहिली. ज्या डोंगरांत .२७५ चा बार घुमला त्याच प्रदेशातील एक राष्ट्रीय उद्यान आज कॉर्बेट यांचे नाव धारण करते, आणि तेथे वाघाचे रक्षण होते. शस्त्राविषयीचे मत जसे पालटले, तसेच सावजाविषयीचेही पालटले. आणि या दुसऱ्या पालटाचा इतिहास पहिल्याहून अधिक विस्ताराने लिहिला जाणे अवश्य आहे.